समाजरत्नाच्या गळ्यातली चांदी

धामणगाव बढ्यात यंदा फाल्गुनात एक बातमी पिकली. उकंडराव म्हणे दिल्लीला जाऊन आले आणि तिथं एका फार मोठ्या साहेबानं स्वतःच्या हातानं त्यांच्या गळ्यात पदक घातलं. पिकवणाऱ्या गल्लीतल्या केसरबाई. त्यांचं म्हणणं असं की पांढरा सफारी घालून माणूस सकाळी घराबाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवशी छातीवर बशीएवढी चांदी लटकवून परत येतो, तो दिल्लीशिवाय जाईल कुठं? संध्याकाळपर्यंत त्या दिल्लीला कोणीतरी विमान जोडलं, आणि दिवेलागणीला विमानात उकंडरावांना खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली.

खरं काय ते गल्लीला दोनच दिवसांत कळलं. उकंडराव मलकापूरच्या पुढं गेलेच नव्हते. तिथं सिमेंटच्या एका गोदामावर लग्नाचा हॉल आहे, त्या हॉलमध्ये 'अखिल भारतीय गुणगौरव मंच' नावाच्या कोणा मंडळींनी पदकं वाटली. टाळ्या वाजवायला आलेल्यांपेक्षा पदक घ्यायला आलेले जास्त. मोठे साहेब येणार होते, ते आलेच नाहीत. मग मंचाच्या लोकांनी युक्ती काढली: रांग लावा, पुढच्यानं मागच्याच्या गळ्यात घालत चला. उकंडरावांच्या गळ्यात पदक घातलं ते नांदुऱ्याकडच्या एका बकऱ्या पाळणाऱ्यानं. त्याला स्वतःचं मिळून पुरते दोन श्वासही झाले नव्हते. या सगळ्या घोळात उकंडरावांची शेवटची एसटी गेली आणि समाजरत्नांना मलकापूर स्टेशनच्या बाकावर मुक्काम करावा लागला. छातीवर पदक, पदकावर दोन्ही हात, आणि डोळा लागत नाही, की कोणी चोरून नेईल! चोरसुद्धा आधी वाचून बघतो हो, काय लिहिलंय ते.

तर असे हे उकंडराव. त्यांची ही छातीची हौस आजकालची नाही, पाळण्यातली आहे. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हे जन्मले तसे आजीनं यांना उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं, नाव उकंड्या ठेवलं आणि गळ्यात तांब्याचा ताईत बांधला. पोर जगलं. आता जगलं ते ताईतामुळं, उकिरड्यामुळं की मोताळ्याच्या डॉक्टरमुळं, हे देव जाणे. पण पोराच्या डोक्यात पक्कं बसलं की गळ्यात काहीतरी लटकत असेल तरच आपण माणूस आहोत. ताईताचा दोरा तुटला की हे भोकाड पसरायचे. पुढं शाळेत पळण्याच्या शर्यतीत तिसरे आले, पळणारे तिघंच होते, पण गुरुजींनी पुठ्ठ्याचा बिल्ला दिला. तो बिल्ला पावसात भिजून त्याचा लगदा होईपर्यंत यांनी अंगावरून उतरवला नाही.

नोकरी लागली तीही अशीच, छातीला शोभणारी. मलकापूरच्या एका जिनिंगच्या फाटकावर पहारा. लाल पट्टा, आणि पट्ट्यावर पितळेचा वाटोळा बिल्ला. बाकीचे पहारेकरी पगारासाठी उभे राहायचे, हे बिल्ल्यासाठी. रोज चिंच लावायची, राख लावायची, घासायची. कापसाची गाडी फाटकाशी आली की आधी छाती पुढं, मग माणूस. "थांब! बिल्ला दिसत नाई काय?" गाडीवाला बिचारा थांबलेलाच असायचा, फाटक बंद असताना जाणार कुठं? निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरनं पट्टा-बिल्ला परत मागितला, तर यांनी डोळ्यात पाणी आणून सांगितलं, हरवला. मॅनेजरला शर्टाच्या खिशातली वाटोळी फुगी दिसत होती. त्यानं जाऊ दिलं. शहाणा माणूस.

मग सुरू झाली लग्नं. आता कोणाच्याही लग्नात जा, मांडवाच्या दारात रेशमी फितीचे, मधे सोनेरी टिकली असलेले बिल्ले घेऊन एक पोरगी उभी असते: वरपिता, वधूपिता, मामा, विशेष अतिथी. उकंडराव नात्यात असोत नसोत, 'विशेष अतिथी' छातीवर टोचून घेतल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. एकदा विशेष अतिथीचे संपले तर 'वधूचा मामा' लावून बसले आणि जेवण वाढणारा बिचारा रात्रभर यांना मामा मामा करत जिलेबी वाढत राहिला. घरी खुंटीवर हे सगळे बिल्ले टांगलेले. कोकिळाबाई या घरात लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांना आधी खुंटीवरचा जिनिंगचा बिल्ला दिसला आणि मग नवरा.

या कोकिळाबाई उकंडरावांची दुसरी बायको. पहिली मंजुळाबाई, रोहिणखेडची. कावीळ झाली आणि गेली. मागं पोरगी ठेवून, पुष्पांजली, नुकती चालायला लागलेली. कोकिळाबाईंनी तिला कडेवर घेतलं ते घेतलंच. स्वतःला मूल झालं नाही, आणि झालं नाही म्हणून त्या कोणापाशी रडल्याही नाहीत. पुष्पांजली त्यांना माय म्हणते. बुलढाण्याला नर्सिंग शिकली, तिथंच दवाखान्यात लागली, पण सुटीला आली की अजूनही मायच्या मांडीवर डोकं टाकून झोपते.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पहिली बायको गेली आणि दुसरी आली, तर दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. चांदीचा एवढासा पत्रा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर ठोकून उठवलेली हात जोडलेली उभी बाई. त्याला म्हणायचं सवत. नवी साडी आली, आधी सवतीला दाखवायची. बांगड्या भरल्या, आधी सवतीला टेकवायच्या. सण असला, आधी तिच्यापुढं घास. नाहीतर ती रुसते आणि घराला सुख लागू देत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. कित्येक जणी हे धाकानं करतात. कोकिळाबाईंचं तसं नव्हतं. त्या टाकाशी बोलायच्या. "ताई, तुमची पोरगी पास झाली वं." "ताई, आज भाजी खारट झाली, तुमीच खाऊन पाहा." टाकावरच्या बाईचे नाकडोळे घासून गुळगुळीत झाले होते, एवढी वर्षं दोघींनी एका गळ्यात काढली. नवऱ्यापेक्षा त्यांचं सवतीशी जास्त जमलं, आणि यात नवल वाटावं असं काही नाही. नवरा पाहिला ना तुम्ही?

तर माघात या घरी दोन कागद आले. एक पुष्पांजलीच्या लग्नाची पक्की तारीख, वैशाखातली. दुसरं गुणगौरव मंचाचं पत्र. उकंडरावांनी कोणतं आधी वाचलं ते सांगत बसत नाही.

पत्र घेऊन ते थेट दयारामच्या हाटेलात. तिथं बाकावर नागसेन सर चहा घेत बसले होते. सर हायस्कुलात मराठी शिकवतात, आणि त्यांना एखादा शब्द विचारला की त्यांचा चहा थंड होतो, ही त्यांची ख्याती.

"सर, इथं लिवलं हाये, 'मानाचे मेडॅलियन.' पदक त मले समजते. हे मेडॅलियन काय असते?"

सरांनी कप खाली ठेवला. "मेडल म्हणजे पदक, आणि मेडॅलियन म्हणजे त्याचा मोठा भाऊ. मुळात शब्द धातूचा. तिकडं इटलीत आधी मेडल झालं, मग त्या लोकांनी शब्दाला शेपूट लावून मोठ्या मेडलला नवं नाव दिलं. तिथून फ्रेंचांकडं गेला, फ्रेंचांकडून इंग्रजांकडं. राजे आपला चेहरा त्यावर ठोकून घ्यायचे."

"चेहरा?" उकंडरावांचे डोळे लकाकले.

"हो. आणि फक्त गळ्यातलंच नाही बरं का. भिंतीवर गोल चौकट करून कोरलेलं चित्र असतं, तेही मेडॅलियन. जुन्या कमानींच्या दोन बाजूंना गोल फुलं कोरलेली असतात, तीही. गालिच्याच्या मधोमध मोठी नक्षी असते..."

"गालिच्यावर त पाय देतेत."

"देतात की."

"मग ते सोडा. गळ्यातलं सांगा."

"गळ्यातलं तर आपल्याकडं त्यांच्याही आधीपासून आहे. पदक म्हणजे आपल्याकडं मूळचा दागिनाच, हाराच्या मधोमध लोंबणारा. बक्षीस म्हणून द्यायला लागले ते फार नंतर. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी, ताईत, देव्हाऱ्यातले टाक, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी."

"म्हंजे टाक अन् पदक एकाच घरातले?"

"भाऊबंद म्हणा."

"मी त समजत होतो, पद देते ते पदक."

"पद देणारे दुसरे असतात उकंडराव," सर म्हणाले, "ते पदक देत नाहीत." आणि थंड झालेला चहा एका घोटात संपवून वर्गावर गेले. उकंडराव मात्र तिथंच बसून राहिले. त्यांच्या डोक्यात एकच शब्द अडकला होता: भाऊबंद.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की मेडॅलियन शुद्ध चांदीचं हवं असेल तर चांदी सन्मानमूर्तींनी स्वतः आणावी. न आणल्यास मंचातर्फे मुलाम्याचं देण्यात येईल. आता मुलामा? उकंडरावांच्या छातीवर? त्यांनी लहानपणचा चांदीचा करदोडा पेटीतून काढला आणि मंचानं सांगितलेल्या मलकापूरच्या सराफाकडं नेला. सराफानं तो तळहातावर तोलला.

"काका, लय झिजला हाये. याच्यात कडा पातळ येतीन. एवढीशी चांदी अजून आना, मंग पाहा कसं ठसठशीत होते."

उकंडराव घरी आले तेव्हा कोकिळाबाई परसात भांडी घासत होत्या. गळ्यातल्या पोतीचा दोरा त्याच दिवशी तुटला होता. मणी वाटीत, आणि सवतीचा टाक देव्हाऱ्यातल्या ताटलीत, नवा दोरा येईपर्यंत. उकंडराव देव्हाऱ्यापुढं उभे राहिले. नमस्कार केला, हे त्यांचं एक बरं आहे, नमस्कार ते कधी चुकवत नाहीत. मग मनाशी बोलले: मंजुळा आपलीच बायको. बायकोची चांदी नवऱ्याच्या छातीवर आली त बिघडलं काय? अन् सर म्हनलेच ना, भाऊबंद. एका भावाकडून दुसऱ्या भावाकडं. नंतर चांदीसारखा दिसनारा जर्मलचा एक करून ठेवू ताटलीत, कोकिळीले कुठी समजते!

टाक खिशात गेला. मुशीत गेला. वितळला. एवढी वर्षं दोन बायकांनी जपलेलं घर एका फुंकरीत पातळ झालं. आणि जर्मलचा टाक? तो करायला उकंडरावांना सवड मिळाली नाही. फ्लेक्स छापायचा होता ना! एसटी स्टँडवर आठ हात लांब फ्लेक्स लागला, 'समाजरत्न उकंडराव यांचे हार्दिक अभिनंदन', खाली 'शुभेच्छुक: उकंडराव मित्रमंडळ', आणि मित्रमंडळात दयारामचा फोटो, त्याला न विचारता, तोही मेव्हण्याच्या लग्नातला, तोंडात लाडू असलेला.

इकडं कोकिळाबाईंनी घर पालथं घातलं. ताटली, पेटी, पिठाचा डबा, चुलीची राख चाळणीनं चाळली, केराचा खड्डा उपसला. शेवटी, पदक घेऊन नवरा मलकापूरहून आला तेव्हा त्याला विचारलं.

"अहो, ताईचा टाक पाह्यला काय?"

"मी काऊन पाहू? बायांचे दागिने पाहत बसलो काय मी?"

"ताटलीत ठेवलता रे देवा... गेला कुठी?"

"उंदरानं नेला असन."

"उंदराले काय करायची चांदी?"

"आजकालचे उंदरं, काई सांगता येत नाई."

हे बोलताना समाजरत्नांच्या छातीवर ती चांदी लोंबत होती, आणि त्यांनी ती शर्टाच्या आत ढकलली नाही. उलट भिंगरी होऊन नाव आतल्या बाजूला गेलं होतं ते बोटानं सरळ केलं. कोकिळाबाईंनी नव्या दोऱ्यात नुसते मणी ओवले आणि पदर गळ्याशी घट्ट धरून वावरू लागल्या. पण बाई पदर गळ्याशी का धरते, हे दुसऱ्या बाईला सांगावं लागत नाही. केसरबाईंनी विहिरीवर एकदाच पाहिलं आणि रोहिणखेडपर्यंत निरोप गेला: कोकिळेनं सवत विकली. पोरीचं लग्न तोंडावर आहे, अन् हिनं पोरीच्या मायचा टाक मोडून कानातले केले.

वैशाखात हळदीचा दिवस आला. मांडव सजला, पुष्पांजली पाटावर बसली, हिरव्या बांगड्या, पिवळी साडी. आणि रोहिणखेडहून मामा आले, रामराव, मंजुळाबाईंचा सख्खा भाऊ. अंगानं आडवा, बोलण्यानं त्याहून आडवा. सोबत त्यांची बायको आशाबाई. रामरावांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मांडवात उभं राहूनच म्हणाले,

"आधी आमच्या मंजुळीले हळद लागन. मंग पोरीले. टाक आना."

कोकिळाबाईंच्या हातातली हळदीची वाटी तशीच राहिली.

"दादा, टाक... सापडून नाई राह्यला."

"सापडत नाई का विकला?"

"दादा!"

"माही बहीन मेली त मेली, तिची चांदी बी नाई ठेवली तुमी. कोकिळाबाई, जिनं सवत मोडली तिच्या हातची हळद आमच्या भाचीले नाई लागनार. तुमी बसा तिकडं. आशे, घे वाटी. माय म्हनून तूच उभी राहाय, आज बी अन् उद्या बोहल्यापाशी बी."

आशाबाईंनी वाटीला हात लावला, पण ओढली नाही. त्यांनाही लाज वाटली असावी. पुष्पांजली पाटावरून उठली. "मामा, माही माय हेच हाये. हे नाई त हळद बी नाई."

"बस खाली! तुले समजत नाई."

"मले समजते. मले हिनंच वाढवलं."

"वाढवलं म्हनून विकायचा परवाना भेटला काय?"

आता सगळ्या मांडवाचे डोळे कोणाकडं गेले असतील? उकंडरावांकडं. ते खांबाला टेकून उभे होते. छातीवर 'वधूपिता' असा फितीचा बिल्ला, आणि त्याच्या शेजारी ते पदक. एक वाक्य बोलायचं होतं. टाक मी नेला. तीन शब्द झाले. जिनं यांच्या पोरीला वाढवलं, यांची भाकर थापली, यांच्या मेलेल्या बायकोला ताई म्हटलं, ती भर मांडवात चोर ठरत होती, आणि हे गृहस्थ मांडवाच्या छताला किती झालरी आहेत ते बघत होते. घसा मात्र खाकरला. सगळ्यांना वाटलं, आता बोलतील. त्यांनी थुंकी गिळली आणि पुन्हा झालरी.

कोकिळाबाई नवऱ्याकडं बघत होत्या. काय बघत होत्या कोण जाणे. पण त्या बघण्यात मागणं नव्हतं.

रामरावांना चेव आला. त्यांनी मोहरा मेव्हण्याकडं वळवला. "अन् तुमी, भाऊजी! बायको घर धुवून काढून राह्यली अन् तुमी छातीवर हे जर्मलचं झाकन लटकवून फिरता? शरम वाटत नाई?"

आणि इथं उकंडराव पेटले. बायकोला चोर म्हटलं तेव्हा नाही, पोरीची हळद अडली तेव्हा नाही. इथं.

"जर्मल? कोनाले जर्मल म्हनता? हात लावून पाहा! अस्सल चांदी हाये! माह्या करदोड्याची चांदी हाये, अन् कमी पडली त..."

जीभ तिथंच थांबली. पण उशीर झाला होता.

"कमी पडली त काय?" रामराव म्हणाले.

"त... सराफानं घातली थोडी."

"सराफ घालते काय पदरची चांदी? धर्मादाय उघडला काय त्यानं?"

"बाबा," पुष्पांजली म्हणाली, "कशाची चांदी घातली?"

उकंडरावांनी शेवटची धडपड केली. "सर म्हनले, टाक अन् पदक भाऊबंद असतेत. विचारा नागसेन सराले! एका घरातले!"

मांडवात आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं. केसरबाईंना ठसका लागला. रामराव मात्र हसले नाहीत. त्यांचा आडवा चेहरा एकदम लहान झाला आणि त्यांनी कोकिळाबाईंकडं न बघता टोपी काढून हातात धरली. माफी मागायची त्या घराण्यात सवय नाही. टोपी काढली, तीच समजून घ्यायची.

कोकिळाबाई उठल्या. रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. नवऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मान वाकवा."

उकंडरावांनी वाकवली. पदक घालताना मान वाकवायची सवय होती त्यांना. काढतानाही तशीच वाकवावी लागते हे नव्यानं कळलं. कोकिळाबाईंनी लाल फितीसकट ते पदक काढलं, फीत सोडून पोरांकडं फेकली, ताटात पाणी घेऊन धुतलं, दूध घातलं, पदरानं पुसलं. पुढच्या बाजूला सिंह, आणि सिंहाखाली 'समाजरत्न उकंडराव'. मागची बाजू कोरी. कोरी बाजू वर करून त्यांनी बोटभर हळद लावली, कुंकू लावलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमी याच्यातच हाये, मले समजलं. पोरीले हळद लागून राह्यली. पहिले तुमाले."

मग पोतीच्या दोऱ्यात ते ओवलं आणि गळ्यात बांधलं. एवढीशी पोत आणि बशीएवढी सवत! दोरा ताणला गेला, मान पुढं झुकली. दुसऱ्या कोणा बाईच्या गळ्यात ते सोंग दिसलं असतं. इथं कोणी हसलं नाही. आशाबाईंनी वाटी आपल्या हातानं त्यांच्या ओंजळीत परत ठेवली. रामराव पुढं आले, बोट हळदीत बुडवलं, त्या कोऱ्या चांदीला लावलं आणि मागं जाऊन बसले. मग पुष्पांजलीला हळद लागली, मायच्या हातची. दुसऱ्या दिवशी बोहल्यापाशीही तीच उभी होती, गळ्यात ती थाळी घेऊन, ताठ. फोटोवाल्यानं विचारलं, काकू हे जरा पदराखाली घेता काय, तर पुष्पांजलीच त्याला म्हणाली, "नाई. दिसू द्या."

उकंडराव फोटोत आहेत. एका कडेला, छातीवर फितीचा बिल्ला. तोही उलटा लागलेला.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर माणूस चार दिवस घराबाहेर पडणार नाही. तुम्ही उकंडरावांना ओळखत नाही. पोरीची पाठवणी झाली आणि तिसऱ्या सकाळी हे दयारामच्या हाटेलात हजर, बशीत चहा ओतून फुर्र फुर्र पीत. फ्लेक्सवर लाडू खातानाचा फोटो छापल्याचा राग दयारामच्या पोटात होताच. त्यानं संधी साधली, आणि चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं,

"काय उकंडराव, आज छाती मोकळी दिसून राह्यली! समाजरत्न कुठी गेलं बे?"

उकंडरावांनी बशी खाली ठेवली, मिशी पुसली आणि म्हणाले,

"जाईन कुठी? घरीच हाये. सकाळी आंघोळ होते त्याची, हळदकुंकू लागते, पहिले त्याले निवद, मंग आमाले जेवन. काल पोरीची सासू आलती, ते बी पाया पडून गेली. त्या दिवशी मलकापुरात एवढ्या जनाले पदकं भेटली, दयाराम. सांग बरं, दुसऱ्या कोनाच्या पदकाच्या पाया पडते काय कोनी?"